खाऱ्या शेतातलं खोटं बदक

मी एक जुनं, कागदाच्या लगद्याचं बदक आहे. माझं काम पाण्यात बसून राहायचं, आणि मला पाण्याचीच भीती वाटते. हसा, मित्रांनो, हसा. सगळेच हसतात. पण तुम्हाला कुणी मिठाचं करून खाडीत सोडलं असतं, तर तुम्हीही माझ्यासारखेच बसला असता, जीव मुठीत धरून.

एकट्या पाण्याचीच नाही म्हणा. मला घारीची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, उधाणाच्या भरतीची वाटते. उंदरांची तर फारच वाटते, कारण उंदराला कागद आवडतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो मी या दोन डोळ्यांनी पाहिलाय. तो हसतमुख होता आणि त्याच्या हातात नायलॉनची दोरी होती. त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे. पण मी आपली पहिल्यापासून सांगते, एकदम तिथं जायचा मला धीर होत नाही.

माझा जन्म पेणचा. त्र्यंबककाकांच्या गणपतीच्या कारखान्यात. त्या वर्षी काकांकडे कागदी लगद्याच्या गणपतींची मोठी मागणी होती. जुनी वर्तमानपत्रं भिजत घालायची, कुटायची, त्यात डिंक आणि खडूची पूड मळायची आणि साच्यात दाबायची. फळ्यांवर फळ्या, आणि त्यांवर ओळीनं बसलेले पांढरे गणपती. त्या गडबडीत एक दिवस रिझवाना आली.

रिझवाना गडब गावाच्या पुढं, खाडीच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली. तिचा नवरा तमीम आखातात, दोह्याला कंपनीत आहे. तो तिकडं असतानाच इकडं खाडीच्या बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि त्यांच्या भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं ते शिरलंच. तमीम फोनवर सारखा म्हणायचा, "माझं शेत दाखव गो." म्हणून त्यानं सुट्टीत येताना कॅमेरा आणला आणि रिझवाना बुडालेल्या शेताचे फोटो काढून त्याला पाठवू लागली. त्या फोटोंत कोपऱ्याकोपऱ्यात काळे ठिपके दिसायचे. मोठे करून बघितले तर बदकं! शेत गेलं होतं, पण बदकं आली होती. तेव्हापासून तिला त्यांचा नाद लागला. बांधाच्या कडेला नारळाच्या झापांचा एक आडोसा तिनं उभा केला, त्याला समोरून एक लहान चौकोन ठेवला आणि भल्या पहाटे त्यात जाऊन बसायची. पण बदकं शहाणी, ती लांबच राहायची.

"काका, मला एक बदक करून द्या," रिझवाना म्हणाली.

"शोकेसमध्ये ठेवायला?"

"नाय. पाण्यात सोडायला."

"मग परत न्यायचं नसेल."

"न्यायचंय तर! सकाळी सोडायचं, ऊन चढलं की घरी न्यायचं. खोटं बसलेलं दिसलं की खरी पण जवळ उतरतात म्हणे."

काका पोट धरून हसले. "अगो ताई, आमच्या घराण्यात पाण्यातून परत आणायची वस्तू आजवर कुणी केली नाय. आमचं काम पाण्यात गेलं की गेलं. नाय विरघळलं तर लोक शिव्या घालतात आम्हाला."

तरी त्यांनी मला केलं, आणि लगद्याचंच केलं! कारण हाताशी लगदा होता आणि हाताला सवय लगद्याची होती. बदकाचा साचा काही कारखान्यात नव्हता. मग नवरात्रातल्या सरस्वतीच्या हंसाचा साचा काढला, त्यात मला दाबलं आणि ओलं असतानाच सुरीनं माझी मान अर्धी उडवली. म्हणजे बघा, जन्मल्या जन्मल्या माझी मान कापली गेली. असल्या जिवानं शूर व्हायचं तरी कसं?

पिंपात बुडवून बघितलं तर घटकाभरात माझं पोट मऊ पडलं. माझे वरचे भाऊबंद फळीवरून बघत होते. त्यांना त्याचं काही नव्हतं, ते तर वाजतगाजत जाणार होते. मला मात्र परत यायचं होतं ना! शेवटी रिझवानानं होडीला लावायचं रोगण आणलं आणि माझ्या अंगाला हातावर हात चोपडलं. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, काका दुसऱ्या कुणाला देत नसत. डोळे सगळ्यात शेवटी. माझे डोळे त्यांनी पूर्ण दुपार खर्चून काढले. लांबट पापणी, काजळाची रेघ, बुबुळात पांढरा ठिपका, आणि नजर समोर, भक्तावर. डोळे आले आणि मला दिसायला लागलं. दिसायला लागलं आणि खरी भीती सुरू झाली.

घरी नेल्यावर रिझवानाच्या सासूबाईंनी, हाजराबींनी, मला उलटंसुलटं करून पाहिलं. "भाताच्या शेतात माणूस बुजगावणं लावतो, पाखरं हाकलायला," त्या म्हणाल्या. "तू बोलवायला लावतेस?"

"भात कुठं हाय आता अम्मी, हाकलायला?" रिझवाना म्हणाली. सासूबाईंनी मला सुलटं करून खाली ठेवलं.

पहिल्या दिवशी मला पाण्यात सोडलं, पोटाला दोरी आणि दोरीला वीट. मी इतकी घाबरले होते की चारी बाजूंनी लहानशा लाटा येत होत्या त्या वाऱ्याच्या होत्या की माझ्या थरथरण्याच्या, देव जाणे. बदकांचा एक थवा आला, खाली उतरता उतरता त्यानं मला पाहिलं आणि काय झालं कुणास ठाऊक, फडफडाट करून सगळा थवा पार खाडीपलीकडं गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रिझवाना आडोशात डोक्याला हात लावून बसली.

बांधावरून मालू चालली होती. मालू खाडीत चिंबोऱ्या म्हणजे खेकडे पकडते, हातात कायम पत्र्याची बादली. तिनं मला जवळ येऊन निरखलं आणि झटकन पदर डोक्यावर घेतला. "अगो रिझू, ह्याचे डोळं बघ! मला वाटलं देव्हाऱ्यातनं कोण बघतंय. पाखरं पळतील नाय तर काय, आरतीला थांबतील?"

रिझवाना हसून हसून चिखलात बसली. मला मेलीला मात्र फार लागलं ते.

मग माझी रवानगी परत पेणला. काका आधी रागावले. "माझ्या आखणीला नाव ठेवणारं अजून जन्मायचंय," म्हणाले. पण रागाच्या भरात एस्टी पकडून स्वतःच आडोशात येऊन बसले आणि रिझवानाच्या भिंगातून जिवंत बदकाचा डोळा त्यांनी पाहिला. बराच वेळ पाहिला. परत जाऊन माझे डोळे खरवडून काढले आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळे मणी बसवले. "एवढासा डोळा, आणि सगळा भीतीनं भरलेला," एवढंच ते पुटपुटले. तेव्हापासून मला समोरचं दिसत नाही. डावीकडचं दिसतं आणि उजवीकडचं दिसतं. समोरून कोण येतंय ते कळत नाही, आणि ती एक नवीनच काळजी माझ्यामागं लागली.

पण मित्रांनो, बदकं आली! त्या मण्यांना ती फसली आणि आली. थापटे आले, चपट्या चोचीनं चिखल चाळणारे. लांब शेपटीची तलवार बदकं आली. सगळ्यांत जवळ आली ती एक हळदी-कुंकू. हो, बदकाचंच नाव आहे ते. चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा रंग आणि कपाळाशी कुंकवाचे दोन लाल ठिपके. काकांनी मला रंगही तिच्याच जातीचा दिला होता.

पहिल्यांदा ती माझ्याजवळ आली तेव्हा माझी बोबडीच वळली. एवढी मोठी चोच! टोचलं तर रोगण जाणार, रोगण गेलं तर पाणी शिरणार, पाणी शिरलं तर संपलंच सगळं. ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली, माझ्याकडं मान वाकडी करून पाहिलं, आणि काय केलं असेल? चोच पाठीच्या पिसांत खुपसली आणि झोपली. माझ्या शेजारी. जंगली बदक कधी पुरतं झोपत नाही हो, एक डोळा उघडा ठेवतं. तिनं माझ्या बाजूचा डोळा मिटला. माझ्या बाजूनं काही येणार नाही, अशी तिची खात्री झाली होती.

आडोशात रिझवानानं श्वास रोखला असेल. ती कशी बसायची सांगू? फोन बंद, बांगड्या काढून ठेवलेल्या, खोकला आला तर ओढणीचा बोळा तोंडात. एकदा मुंगळा मानेवरून चढत होता तरी तिनं हात हलवला नाही. त्या आडोशात तिच्या तोंडून एक शब्द मी कधी ऐकला नव्हता. नुसती कॅमेऱ्याची टिकटिक.

पावसाळ्याच्या शेवटी हळदी-कुंकू पिल्लं घेऊन आली. पिवळ्या-काळ्या लोकरीचे गोळे! तिच्यामागून पोहत येऊन ती सरळ माझ्या पाठीवर चढायची, घसरायची, परत चढायची. आता आणखी कशाला भ्यायचं ते मला पुरतंच कळलं. आभाळात घार दिसली की मी भ्यायचे. माझ्यासाठी नाही, मी काय, मला खाऊन घारीला आमांशच व्हायचा. त्या पिल्लांसाठी. आणि ती बया मात्र माझ्या शेजारी खुशाल डुलक्या घ्यायची. मी मनातल्या मनात ओरडायचे, अगं ऊठ, बघ वर! पण लगद्याला आवाज कुठून येणार?

अशात रिझवानाच्या फोटोंचं रोह्याच्या एका शाळेत प्रदर्शन लागलं. मलाही नेलं होतं, टेबलावर रुमालावर बसवलं होतं. काय कौतुक झालं माझं! पोरं फोटोसमोर गर्दी करून ओरडत होती, "यातलं खोटं कुठलं ते सांगा!" आणि एकालाही ओळखता येत नव्हतं. लतिकाबाई म्हणून तिथल्या बाई होत्या, त्यांनी तर चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि खऱ्या बदकावर बोट ठेवलं. खोटं कशाला बोलू, मी फुगले होते.

तिथं हैबतराव आले. शाळेला खुर्च्या दिलेला माणूस, सगळे त्यांना वाकून नमस्कार करत होते. ते एका फोटोपुढं फार वेळ उभे राहिले. माझा आणि हळदी-कुंकूचा फोटो.

"काय हो ताई, ही जंगली पाखरं इतकी जवळ कशी बसतात?"

रिझवानाचा चेहरा उजळला. दिवसभर कुणी इतक्या आस्थेनं विचारलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. गडबच्या पुढं कुठं आडोसा, कुठं खांड, मला कसं सोडते, कशी ती आपसूक येतात. "ह्याला बघितलं की त्यांची भीतीच जाते बघा," ती म्हणाली.

"वा!" हैबतराव म्हणाले आणि मला उचलून हातात तोललं. त्यांचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरला. माणूस हसत होता, गोड बोलत होता, पण माझ्या अंगावर पिसं असती तर उभी राहिली असती. का, ते मला सांगता येणार नाही. भित्र्याला कळतं.

एव्हाना रिझवाना मला रोज घरी नेईनाशी झाली होती. कॅमेरा, तिवई, पाण्याची बाटली, एवढं ओझं घेऊन चिखलातून जायचं, म्हणून मला पोत्यात घालून आडोशातच ठेवायची. एका सकाळी उजाडता उजाडता पोतं उघडलं. मला वाटलं रिझवाना आली. पण हाताला तंबाखूचा वास होता.

हैबतरावांनी मला काखेत मारलं आणि उघाडीच्या पलीकडं नेलं. उघाडी म्हणजे बांधातलं ते दार, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं. त्याच्या पलीकडं एक उथळ तळं आहे, तिथं रिझवानानं मला कधी सोडलं नव्हतं. त्यांनी मला मधोमध ठेवलं आणि माझ्याभोवती पाण्याखाली जाळं अंथरलं. जाळ्याच्या दोन्ही कडांना काठ्या, काठ्यांना दोरी, दोरीचं टोक तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या झुडपामागं. दोरी ओढली की जाळं दोन्हीकडून उठणार आणि वरून पांघरूण पडावं तसं पडणार. मला सगळं दिसत होतं, कारण डावीकडचं आणि उजवीकडचं मला दिसतं. डावीकडं झुडपात हैबतराव फोनवर कुजबुजत होते. "हां, फार्महाउसवर आजच पोचवतो. नाय, कोंबडी-बिंबडी नाय. जंगली माल. ताजा."

उजवीकडं दूर आडोसा दिसत होता, रिकामा.

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. कळलं ना तुम्हाला काय होणार होतं ते? मीच बोलावणार होते. मला बघून ती येणार होती. आजवर मी इतक्या गोष्टींना भ्याले, पण स्वतःला कधी भ्याले नव्हते.

मी म्हटलं, बुड. बाई गं, बुड आता. जन्मभर जे नको नको म्हणाले ते होऊ दे. फुटू दे पोट, शिरू दे पाणी, पाण्यावर काही दिसलंच नाही तर ती येणार नाहीत. पण रिझवानानं लावलेलं रोगण! इतक्या मायेनं लावलेलं, एक थेंब आत येत नव्हता. त्या रोगणाचा मला असा राग आला म्हणून सांगू! मी आपली छान तरंगत राहिले, मान वर करून.

पंखांचा आवाज आला. नको, नको, नको. हळदी-कुंकू होती. मागं तिची पिल्लं, आता उडायला लागलेली, आईएवढीच दिसणारी, पण अजून आईच्या मागं मागंच. तिनं तळ्यावर एक घिरटी घातली. ही जागा तिला नवी होती, ती बिचकली होती. ती वर जायला लागली आणि तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

ती वळली आणि उतरली. सरळ माझ्या शेजारी. पिल्लंही एकामागून एक उतरली, जाळ्याच्या बरोबर मध्ये. डावीकडं दोरी ताणली गेली. "थांब, थांब," हैबतराव स्वतःशीच म्हणाले. "ती मागची दोन येऊ देत."

हळदी-कुंकूनं चोच पाठीत खुपसली. माझ्या बाजूचा डोळा मिटला.

तेव्हा उजवीकडं आडोशाच्या चौकोनात काच चमकली. रिझवाना आली होती! रिकामं पोतं बघून तिनं भिंग फिरवलं असणार, कारण ती काच आता सरळ माझ्यावर होती. बघ, मी म्हटलं, बघ, काठ्या दिसतात का तुला? काच हलली नाही. मग माझ्यावरून झुडपाकडं गेली आणि परत माझ्यावर आली.

आणि मग त्या आडोशाचा पुढचा झाप धाडकन खाली पडला. रिझवाना मागच्या वाटेनं नाही, समोरूनच फोडून बाहेर आली आणि ओरडली. आयुष्यात मी तसला आवाज ऐकला नाही. "उडा! अगो उडा! उडा!" जेवणाचा डबा काढून तिनं त्याचं झाकण दगडावर बडवायला सुरुवात केली. चिखलात मांडीपर्यंत रुतत, पडत, उठत ती पळत होती आणि बडवत होती. लांबून मालूनं ते ऐकलं. तिला काय झालंय ते ठाऊक नव्हतं, पण तिनंही बादली पालथी करून ठोकायला घेतली. सगळं शेत उठलं. थापटे, तलवार बदकं, बगळे, ज्यांना ज्यांना रिझवानानं इतके दिवस श्वास रोखून माणसाळवलं होतं ते सगळे एका क्षणात आभाळात गेले.

हळदी-कुंकूही उडाली. हैबतरावांनी दोरी ओढली, जाळं उठलं आणि पडलं. आई वर होती. पिल्लं वर होती. एक राहिलं.

ते माझ्या अंगावरच अडकलं होतं, एक पंख जाळ्यात. ते धडपडत होतं आणि त्याचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं, मला कळत होतं. रिझवाना पोचली. मालू पोचली, तिनं कमरेची कोयती काढून दोर कापायला घेतले.

"काय हा तमाशा, ताई!" हैबतराव झुडपातून बाहेर येत म्हणाले. अजून हसतच होते. "चार पाखरं धरली तर काय खाडी आटणार हाय?"

"वनखात्याला फोन लावते मी," रिझवानाला धाप लागली होती. "लाज नाय वाटत तुम्हाला? झोपलेलं पाखरू धरता?"

"झोपवलं कुणी त्याला?" हैबतराव म्हणाले. "बोलवायचं बदक माझं नाय, तुमचं हाय. तुम्ही बोलवून फोटो काढता, मी बोलवून धरतो. बोलवतो तर दोघंही."

रिझवाना खाली वाकून पिल्लाचा पंख सोडवू लागली. उत्तर मालूनं दिलं. तिनं बादलीत चिखल भरून तो हैबतरावांच्या पांढऱ्या पायजम्यावर ओतला आणि म्हणाली, "जातोस का बोलवू वाडीला?" बांधावर चार माणसं जमलेली बघून हैबतराव निघाले. नंतर वनखात्याची माणसं आली, जाळं घेऊन गेली, चौकशी झाली. हैबतरावांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. मी पुन्हा रोह्याला गेले नाही.

पिल्लू सुटलं. पंख ओढत ते तिवरांत शिरलं आणि दिसेनासं झालं. रिझवाना अंधार पडेपर्यंत तिथं बसून राहिली. हळदी-कुंकू दोनदा आली, वरूनच ओरडली, आणि गेली. ते पिल्लू जगलं का, ते मला आजही ठाऊक नाही. रोज मनात येतं.

त्या हिवाळ्यात एकही बदक आडोशाच्या जवळपास फिरकलं नाही. पेणहून त्र्यंबककाका मुद्दाम आले, माझ्या अंगाला पोचे आले होते ते त्यांनी लिंपून दिले. "वर्षभर थांब ताई," ते म्हणाले. "मग परत लाव. पाखरं विसरतात."

"विसरतात म्हणूनच नाय लावायचं, काका," रिझवाना म्हणाली.

आता मी आडोशाच्या आत असते, पालथ्या घातलेल्या डब्यावर, कोरडी ठणठणीत. रिझवाना अजून येते. बदकंही आली आहेत, पण फार लांब, खाडीच्या कडेला. तिचे हल्लीचे फोटो तमीमला पाठवले तर तो म्हणतो, "अगो, हे तर परत ठिपकेच." ती म्हणते, "व्हय. ठिपकेच बरे."

मित्रांनो, जन्मभर लोक मला भित्रं म्हणाले आणि मलाही त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही. पाखराला देवानं घर दिलं नाही, दार दिलं नाही, कडी दिली नाही. एक भीती दिली आहे, तीच त्याची कडी. ती मी काढून घेतली होती, चांगल्या हेतूनं, फोटोसाठी. कडी काढलेल्या दारातून आधी रिझवाना आली आणि मग हैबतराव आले. तुम्ही पाणथळ जागी जाल, जरूर जा. लांबून बघा. खाऊ टाकून, हाका मारून, माझ्यासारखं काहीतरी मांडून त्यांना जवळ बोलवू नका. तुम्ही चांगले आहात, मला ठाऊक आहे. पण तुमच्यानंतर कोण येणार आहे, ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे?

परवा एक हळदी-कुंकू आली. तीच होती का? चोच तशीच होती, बरोबर नवी पिल्लं होती. ती पाण्यावर उतरली, आमच्यापासून बरीच लांब, पण या वर्षी इतकी जवळ दुसरी कुणी आली नव्हती. रिझवानानं कॅमेरा उचलला. तिचं कोपर लागलं असेल, झाप किंचित हलला. तेवढ्यानं हळदी-कुंकूनं मान ताठ केली, एक आवाज दिला आणि पिल्लांसकट उडाली. फोटो गेला.

रिझवानानं कॅमेरा मांडीवर ठेवला. ती आडोशात कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. डोळे पुसत, हसत म्हणाली, "शाबास गो बाई. अशीच भीत राहा."